गाडीचं मुसकं

भीमाशंकरला जाऊन आलेली माणसं धुक्याविषयी सांगतात, दर्शनाच्या रांगेविषयी सांगतात, एखाद्याला शेकरूही दिसलेलं असतं. मला यातलं फारसं काही सांगता येणार नाही. जाताना मी फक्त दोन गोष्टी पाहत होतो. एक रस्ता आणि दुसरा स्टिअरिंगच्या मागचा बोटभर लांबीचा काटा. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा हा काटा मधे असला की मी माणसात असायचो. तो उजवीकडे सरकू लागला की माझा रक्तदाब त्याच्या मागोमाग सरकायचा.

गाडी माझ्या वडिलांची. त्यांनी ती नवी घेतली, स्वतः चालवली, आणि जाताना दुसरं काही विशेष मागे ठेवलं नाही. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या गल्लीत छोट्या चकचकीत गाड्या आल्या होत्या आणि आमची पांढरी गाडी त्यांच्यात लग्नाला आलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची. त्या उन्हाळ्यात ती दोनदा भर चौकात उकळली. तेव्हा माझ्या बायकोनं, सुधानं, अट घातली. दिवाळीला तिच्या माहेरी खोडदला जायचं आणि पाडव्याला तिथून भीमाशंकर. गाडी न तापता वर चढली तर ठेवायची. तापली तर रघूला देऊन टाकायची.

रघू म्हणजे सुधाचा धाकटा भाऊ. कांदा, टोमॅटो, एक ट्रॅक्टर आणि मोठा आवाज. गेली काही वर्षं आम्ही खोडदला गेलो की निघताना तो गाडीच्या टपावर थाप मारून म्हणायचा, "दाजी, इकायची झाली तर दुसऱ्याला देऊ नगा. मला सांगा." ज्या माणसाच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला ही म्हातारी कशाला हवी? मला तेव्हापासून त्याचा संशय होता.

माझा स्वभावच तसा आहे हे आधी सांगून टाकतो. मी देवळात जाताना एक चप्पल डाव्या दाराशी आणि दुसरी उजव्या दाराशी काढतो. चोराला जोडी सापडू नये. सुधा म्हणते, एक दिवस चोराला नाही, तुम्हालाच सापडणार नाही.

पेठ

पुण्याहून निघालो, राजगुरुनगर मागे टाकलं आणि पेठच्या अलीकडे काटा हलला. मी गाडी बाजूला घेतली. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे वडिलांनी माझ्या हातावर उठलेल्या फोडांच्या साहाय्यानं शिकवलं होतं, त्यामुळे बॉनेट उघडून नुसते बसून राहिलो. समोरच्या हॉटेलात मिसळ चांगली होती. मी सुधाला अशा बाकावर बसवलं की तिला गाडी दिसेल आणि मला हॉटेलवाला दिसेल.

गाडी निवल्यावर पाहिलं. पाणी होतं. पंखा फिरवणारा पट्टा मात्र अंगठ्यानं दाबला की नको तितका आत जात होता. पट्टा ढिला म्हणजे पंखा आळशी, पाणी फिरवणारा पंपही आळशी, म्हणजे इंजिन तापणारच. पान्यानं मी तो ताणून घेतला. हॉटेलवाला मदतीला आला आणि म्हणाला, "राव, ही लई जुनी झाली. आता काढा." त्याचा कोणी भाऊ मोडीत गाड्या घेत असणार अशी माझी खात्री झाली.

"हे धरायचं नाही हं," मी सुधाला म्हणालो. "हा पट्टा होता. परीक्षा भीमाशंकरची आहे."

सुधा गुडघा धरून गाडीत बसली. अलीकडे तिचा उजवा गुडघा दुखायचा; चढउतर म्हटलं की तिच्या कपाळावर आठी यायची. "बरं, नाही धरत," ती म्हणाली. पुढे अवसरीचा घाट आम्ही उतरलो आणि काटा मधोमध राहिला. मला एवढा आनंद झाला की नारायणगावात मी तिला न मागता गजरा घेऊन दिला. तिनं तो हातात घेऊन माझ्याकडे संशयानं पाहिलं.

खोडद

खोडदच्या शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. आकाशातले आवाज ऐकायचं त्यांचं काम. त्यांच्या पायाशी कांद्याची रोपं, टोमॅटोचे मांडव आणि बाजरीची खळी. आमच्याकडे पुण्यात धान्य पिशवीतून येतं. इथं ते रस्त्यावर भेटतं. लोक कणसं, हुलगे सरळ डांबरावर पसरून ठेवतात, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी होते आणि मग बायका सुपं घेऊन दाणे वेगळे करतात. सबंध रस्त्यावर भुसकट उडत असतं. प्रत्येक ढिगापाशी मी गाडी हळू करत होतो, कारण त्यात खिळे असणारच नाहीत असं कोण सांगणार?

रघूच्या घरी आमचं स्वागत नेहमीसारखं झालं. त्याच्या बायकोनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि मग चुलीवरची वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, ठेचा. जेवताना सुधानं पेठची हकिकत सांगून टाकली. मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

"तापली?" रघूचा घास हातातच राहिला. "मग उद्या भीमाशंकर कसं कराल?"

"पट्टा होता," मी म्हणालो. "आवळलाय."

"तरी पण दाजी, तिकडं समद्या रस्त्याला मळणी चाललीय." तो विचारात पडला. मला तो विचार आवडला नाही.

पाडव्याला उजाडता उजाडता मी बाहेर आलो तर गाडीचं बॉनेट उघडं आणि रघू त्यात कमरेपर्यंत वाकलेला. माझी चाहूल लागताच त्यानं बॉनेट खाली घेतलं आणि हात मागं पुसले.

"काय करतोस रे?"

"काय न्हाई दाजी. पाणी बघत व्हतो. आता बिनघोर जावा."

बिनघोर! ज्या गाडीवर एखाद्याचा डोळा आहे तिच्या पोटात तो भल्या पहाटे हात घालतो आणि आपल्याला बिनघोर जायला सांगतो. त्याच्या पाठीमागे मी पाणी तपासलं, तेलाची पट्टी ओढून पाहिली, वायरी ओढून पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

घोडेगाव

मंचर सोडून घोडेगावच्या रस्त्याला लागलो आणि काटा उठला. आधी थोडा, मग बेधडक. डांबरावर जागोजागी कणसं पसरलेली, चाकांखाली करकर आवाज, काचेवर भुसकट. घोडेगावात पोचेपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली.

सणाचा दिवस, सगळी दुकानं बंद. एक गॅरेज तेवढं उघडं. पाडव्याला जो माणूस दुकान उघडं ठेवतो त्याला गिऱ्हाईक येणार हे आधीच ठाऊक असतं, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. मिस्त्रीनं वाफ पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, "हेडचं गॅस्केट गेलं वाटतं. उघडावं लागंल."

"उघडल्याशिवाय कसं कळलं?"

"अनुभव हाय ना साहेब." मग त्याचं लक्ष सुधाकडे गेलं. "तुमी खोडदच्या रघूभाऊच्या भईन ना? त्यांचा ट्रॅक्टर आमच्याकडंच असतो. मग काय काळजी? गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. नंतर रघूभाऊ नेतील की."

रघूभाऊ नेतील! मला आता सगळं चित्र लख्ख दिसलं. पहाटेचं बॉनेट, पुसलेले हात, 'बिनघोर जावा', सणाला उघडं असलेलं दुकान. दोघांचं ठरलेलं होतं. मी मिस्त्रीचे आभार मानले, गाडी निवू दिली, पाणी भरलं आणि सुधाला गाडीत बसायला सांगितलं.

"अहो, तो गॅस्केट म्हणतोय."

"गॅस्केट गेलं असतं तर तेलात पाणी मिसळून तेल ताकासारखं झालं असतं. तेल स्वच्छ आहे, मी सकाळीच पाहिलंय आणि आत्ताही पाहिलंय." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "हे गाडीचं काम नाही. हे तुझ्या भावाचं काम आहे."

 सुधानं काच वर केली आणि बाहेर पाहत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या संशयाला ती नेहमी हसत आली होती. त्या दिवशी ती हसली नाही.

शिनोलीच्या पुढं

शिनोलीपर्यंत कसेबसे आलो. गाव मागे पडलं, डोंगर जवळ आले, आणि पहिल्याच खऱ्या चढाला गाडीनं हाय खाल्ली. वाफेचा फवारा उडाला. रस्त्याच्या कडेला एक कौलारू घर होतं, पुढच्या सारवलेल्या अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. एक म्हातारी बाई पेंढी दगडावर झोडपत होती. तिनं काम थांबवलं, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता घरातून पाण्याचा हंडा आणला.

"आदी तुमी प्या. मंग तिला पाजा," ती गाडीकडे बोट करून म्हणाली. तिचं नाव हौसाबाई. सुधाला तिनं पेंढ्यांवर पोतं टाकून बसायला दिलं आणि तिचा गुडघा पाहून तो कसा शेकायचा ते सांगू लागली. मी हंड्यातलं पाणी आधी हातावर घेऊन पाहिलं. गढूळ नव्हतं.

गाडी निवायला वेळ लागणार होता. हौसाबाईनं नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी पुढं ठेवली. पुण्यात अनोळखी माणूस दारात आला तर आम्ही साखळी लावून दार उघडतो. या बाईनं आमचं नावही अजून विचारलं नव्हतं. मी भाकरी खाल्ली आणि विचार करत राहिलो. पट्टा घट्ट. पाणी पुरेसं, कुठंही गळत नाही. तेल स्वच्छ. पंपाचा आवाज नाही. मग राहिलं काय?

राहिली हवा. पाणी इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत आणतं, पण ती बाहेर नेते हवाच. पंखा फिरतोय हे मी पाहिलं होतं. हवा येतेय का हे पाहिलं नव्हतं.

वडील प्रवासाला निघण्यापूर्वी एक गोष्ट न चुकता करायचे. गाडी चालू करून समोरच्या जाळीदार तोंडावर हातरुमाल धरायचे. पंख्याच्या ओढीनं रुमाल तिथं चिकटून राहिला की म्हणायचे, "श्वास चाललाय. निघूया." लहानपणी मला तो रुमाल हवेनं चिकटलेला पाहायला फार आवडायचं. ते गेल्यापासून मी एकदाही तसं केलं नव्हतं.

मी गाडी चालू केली, पुढे येऊन रुमाल धरला आणि सोडला. तो सरळ मातीत पडला.

पुन्हा धरला. पुन्हा पडला. मी इंजिन बंद केलं, बॉनेट वर केलं, आणि या वेळी इंजिनाकडे न पाहता पार पुढं, गाडीचं तोंड आणि रेडिएटर यांच्यामधल्या अरुंद फटीत डोकं घातलं. तिथं काहीतरी बांधलेलं होतं. दुहेरी कापड, चारी कोपऱ्यांना सुतळी, आणि त्यावर बोटभर जाडीचा भुसकटाचा थर. धुळीनं ते रेडिएटरच्याच रंगाचं झालेलं होतं.

सुतळी टोमॅटोच्या बागेतली. कापड मच्छरदाणीचं, निळ्या काठाचं. ही मच्छरदाणी मी ओळखत होतो. खोडदला मी दरवर्षी तिच्यातच झोपायचो.

"बघ," मी ते सुधापुढे धरलं.  "बघ तुझ्या भावाचा पराक्रम. गाडीचं नाक दाबलं त्यानं. तापली की आपल्याला मिळणार म्हणून!"

सुधानं निळा काठ बोटांत धरून पाहिला. तिचा चेहरा उतरला. "उद्या भाऊबीज आहे हो," एवढंच ती म्हणाली. आणि मला एकदम कळलं की आता फक्त गाडीचा प्रश्न राहिलेला नाही. संध्याकाळी खोडदला मी जे काही बोलेन त्यावर हिचं माहेर राहायचं की तुटायचं ते ठरणार होतं.

हौसाबाई मात्र ते लोंबतं कापड पाहून पदर तोंडाला लावून हसली. "अगं बया! मुसकं घातलंय की मोटारीला. मळणीला बैलाला घालत्यात तसं."

तिच्या केरसुणीनं मी रेडिएटर झाडला, मागच्या बाजूनं पाणी मारून पात्यांत अडकलेलं भुसकट पुढं काढलं, आणि रुमाल धरला. तो गपकन चिकटला. वर भीमाशंकरपर्यंत काटा मधोमध राहिला. दर्शन झालं, धुकंही होतं बहुधा. दोष गाडीचा नव्हता, म्हणजे सुधाच्या अटीप्रमाणे मी जिंकलो होतो, पण या वेळी गजरा घ्यायचं माझ्या मनात आलं नाही. चपला मी एकाच दाराशी काढल्या, कारण लक्षच नव्हतं.

पुन्हा खोडद

दिवेलागणीला पोचलो. रघू ओट्यावर बसला होता. मी मच्छरदाणीची ती गुंडाळी त्याच्यापुढं टाकली आणि तो काय सोंग आणतो ते पाहत उभा राहिलो.

त्यानं ती उलगडली. भुसकट पाहिलं. आणि त्याचा चेहरा उजळला.

"बघा! आगं ये, हिकडं ये, बघ!" त्यानं बायकोला हाक मारली. "म्हनलं व्हतं न्हवं? ह्ये समदं रेडिएटरात गेलं असतं! दाजी, वाचली का न्हाई गाडी?"

"वाचली?" माझा आवाज चढला. "दोनदा उकळली! तुझ्या या फडक्यानं हवा बंद झाली."

"आसं कसं? ट्रॅक्टरला मी असलीच बांधतो मळणीला." तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. "तुमी झटकली न्हाई व्हय?"

"काय झटकली?"

"जाळी. बॉनेट उघडलं की दिसंलच म्हनून बोललो न्हाई. थोडं गेलं की थांबायचं, जाळी झटकायची, म्होरं जायाचं. त्ये काय सांगाया लागतं व्हय दाजी? बारकं पोर बी झटकतं." मग त्याला माझ्या तोंडावरून समजलं की सांगायला लागतं. त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजी आमच्यामुळंच तापली म्हना की."

मी तरी सोडलं नाही. संशय एकदा अंगात मुरला की तो पुराव्यालाही जुमानत नाही. "मग तुला गाडी कशाला हवी ते सांग. दरवर्षी मागतोस. दारात ट्रॅक्टर असताना ही म्हातारी कशाला?"

रघू निळ्या काठातलं भुसकट काढत राहिला. मग माझ्याकडे न बघता बोलला.

"पयलं ताईला न्यायला मुराळी म्हनून मीच यायचो, एसटीनं. ध्यानात हाय ना? मंग तुमी गाडीतनं आनाया लागला. चांगलं झालं. पर आता गाडी मोडीत निघाली तर? ताईचा गुडघा एसटीची पायरी चढत न्हाई. एक साल टाळंल, मग दुसरं साल. मग फोनवरच दिवाळी. म्हनून म्हनत व्हतो, मला द्या. मी तिला संभाळीन, धुईन, पुसीन. आन् दिवाळीला मुराळी म्हनून येईन."

सुधा दाराशी उभी होती. ती आत निघून गेली, आणि आतून भांड्यांचा उगाचच मोठा आवाज येऊ लागला.  रघूनं माझ्यासाठी घरातली चांगली मच्छरदाणी कापली होती आणि त्या रात्री आम्हाला डास चावणार होते, एवढंच माझ्या डोक्यात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुधानं भावाला ओवाळलं. ओवाळताना निरांजन जरा हललं, बाकी सगळं दरवर्षीसारखं झालं. गाडीची चावी मी तेव्हा दिली नाही. वडिलांची गाडी होती, आणि माझ्यासारखा माणूस एका भाऊबिजेत बदलत नसतो. पण पावसाळ्यात डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, समोरून येणाऱ्या दिव्यांना फुलं येऊ लागली, आणि मी रघूला फोन करून म्हणालो, "ये आणि घेऊन जा." तो म्हणाला, "दाजी, आधी रुमाल धरून बघाल ना?" हे त्याला सुधानं सांगितलेलं असणार.

त्या दिवाळीत दारात ओळखीचा हॉर्न वाजला. गाडीला नवा रंग नव्हता, पण काचा लख्ख होत्या, आणि समोरच्या तोंडात निळ्या काठाची जाळी, आता सुतळीऐवजी चार आकड्यांवर अडकवलेली. रघू नवा शर्ट घालून पायरीशी उभा राहिला. सुधा सकाळपासून पिशवी भरून तयार होती. ती गुडघा न धरता उतरली असं मला वाटलं. ती पुढच्या सीटवर बसली. वडिलांच्या गाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा मागे बसलो आणि रघूच्या खांद्यावरून काट्याकडे पाहत राहिलो.

पेठला चहाला थांबलो. रघू हात-पाय ताणत होता, तेवढ्यात मी उतरलो, पुढं गेलो आणि त्याच्या आधी जाळी झटकली.